पलीकडचं पाखं

तो दोर वर कोणी ठेवला? तोच, आढ्यावरून टाकलेला, दोन्ही अंगांना लोंबतोय तो. उद्या सकाळी लागणार म्हणून ठेवलाय? बरं. पण झोपायच्या आधी तो मला खाली हवा. हसताय कशाला? लाइट गेलीय, जनरेटरमध्ये डिझेलचा थेंब नाही, आणि झोप येत नाही म्हणून म्हाताऱ्याला भुताची गोष्ट सांगा म्हणता. सांगतो. पण भुताची नाही, झालेली सांगतो. तिच्यात भूत आहे की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

इंजिनिअर बाई, तुमच्या या घराच्या छपराचा उतार किती म्हणालात मघाशी? बावन्न अंश. वा. तुम्हाला तो लॅपटॉपवर दिसतो. माझ्या ओळखीच्या एका माणसाला तो पायाच्या पोटऱ्यांत कळायचा. तुम्ही भिंती गाळून टाकल्यात, दोन छपरं एकमेकांना टेकवून उभी केलीत आणि म्हणता नवीन डिझाइन. असली उभी छपरं जुन्या लोकांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बांधून ठेवलीत. कुठे मनोऱ्यासारखी टोकदार, कुठे मध्येच मोडलेली, वर सौम्य आणि खाली कड्यासारखी. हेतू एकच. वर काही थांबू नये. पाणी नको, वारा नको. माणूसही त्यातच आला.

तर हा माझ्या ओळखीचा माणूस अशी छपरं दुरुस्त करायचा. सगळं गाव त्याला पाल म्हणायचं. कशालाही चिकटून वर जायचा ना, म्हणून. आणि त्याच्या मागे कायम त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं नाव मग आपोआपच पडलं, शेपूट. सव्वीस वर्षांचा दांडगा बाप्या, पण नाव शेपूट. त्याला त्याचं काही नव्हतं. कोणी हाक मारली की शीळ घालून ओ द्यायचा.

पालीची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, छपरावाल्याचीच मुलगी. पालीचा सासरा हाच त्याचा उस्ताद. आई गेली तेव्हा शेपूट चार वर्षांचा होता आणि वहिनी पंधराच्या. त्याचं न्हाणं, जेवण, शाळा, ताप, सगळं त्यांनीच काढलं. नावाला भाऊ, बाकी पोटचाच. त्याला वर न्यायचं ठरलं तेव्हा वहिनींनी नवऱ्याला एवढंच सांगितलं होतं, "अहो, नेताय तर न्या. पण जसा नेलात तसा आणा."

पाल म्हणायचा, छपरं तीन जातींची. एक चालायचं, एक रांगायचं आणि एक जोडीचं. जोडीचं म्हणजे इतकं उभं की एकट्यानं जायचंच नाही. आढ्यावरून, म्हणजे छपराच्या माथ्यावरून, एक दोर टाकायचा. अलीकडच्या उतारावर एक माणूस, पलीकडच्या उतारावर दुसरा. एकाच दोराची दोन टोकं दोघांच्या कमरेला. ह्याच्या वजनावर तो, त्याच्या वजनावर हा. उताराला ते लोक पाखं म्हणतात. या पाख्यावरून त्या पाख्यावरचं काही म्हणजे काही दिसत नाही. बोलायचं ते दोरानं. एक झटका म्हणजे 'आहे'. दोन झटके म्हणजे 'ढील दे'. तीन म्हणजे 'ओढ'.

आणि उस्तादाचा एक कडक नियम होता. वर 'सोड' म्हणायचं नाही. फळी सोड, खिळा सोड, दोर सोड... वाऱ्यात बाकीचं उडून जातं आणि 'सोड' तेवढं पलीकडे पोचतं. ऐकणाऱ्यानं काय सोडायचं? म्हणून ढील म्हणा, टाक म्हणा, ठेव म्हणा. 'सोड' शिडीपाशी ठेवून वर जायचं. वहिनी लहानपणापासून हे ऐकत आलेल्या. त्यांच्या घरात कुलूपसुद्धा कोणी सोडत नसे, उघडत असे.

आणखी एक गंमत. शेपूट डावखुरा. कमरेला निरगाठ बांधायचा ती उलटी. सगळ्यांच्या गाठीचं शेंडूक, म्हणजे दोराचं उरलेलं टोक, उजवीकडे निघतं, ह्याचं डावीकडे. पाल रोज चिडवायचा, "आरशात बघून बांधतोस काय रे?" पण गाठ पक्की. निरगाठ ती निरगाठ. आपली आपण सुटली असं कधी होत नाही.

सहा वर्षं झाली. ऑक्टोबरची अकरा तारीख, गुरुवार. दुपारपासून वादळ होतं. रात्री दहाला पालीच्या घरी फोन आला, वाचनालयाच्या ग्रंथपालांचा. जुनी दुमजली इमारत, वर पाट्यांचं छप्पर. शाळेत लिहायची दगडी पाटी असते ना, तोच दगड, एकावर एक बसवलेला. आढ्याजवळच्या चाळीसेक पाट्या दोन्ही अंगांनी उडाल्या होत्या आणि खाली दीडशे वर्षांची हस्तलिखितं. ग्रंथपाल फोनवर चक्क रडत होते. पाऊस थांबलाय, पहाटे परत येणार आहे, तेवढी एक ताडपत्री टाकून द्या हो.

पाल नाही म्हणणार होता. शेपूट म्हणाला, "भावोजी, अर्ध्या तासाचं काम. आढ्यावरून ताडपत्री टाकायची, दोघांनी आपापल्या बाजूला चार खिळे ठोकायचे. आलोच की."

वहिनी दारात उभ्या होत्या. भावाच्या जॅकेटची चेन वरपर्यंत ओढून दिली, लहान मुलाची देतात तशी.

साडेअकराला दोघं वर होते. वाचनालयात रात्रीचा रखवालदार सोडून कोणी नाही. वीज नाही. पालीच्या बाजूचं पाखं अगदी सपाट, पायाला आधार म्हणून फक्त आढ्याला अडकवलेली एक आकड्याची शिडी. शेपटाच्या बाजूला उतारातून बाहेर आलेली छोटी खिडकी होती, तिच्या टोपीवर पाय टेकता यायचे. पालीनं मुद्दाम त्याला ती बाजू दिली होती. कमरेची गाठही स्वतः चाचपून बघितली. उलटीच होती.

एक झटका. एक झटका. काम सुरू झालं. पलीकडून मध्येच शीळ ऐकू यायची.

बारा वाजून आठ मिनिटांनी वारा फिरला.

ताडपत्रीच्या पोटात वारा शिरला आणि ती फुगली. तिची दोरी पालीच्या मनगटाला गुंडाळलेली होती. पाल शिडीवरून उचलला गेला. आकडा निसटला आणि शिडी घरंगळत खाली गेली. ताडपत्रीचं दुसरं टोक शेपटानं धरून ठेवलं होतं, म्हणून ती उडून जाईना, आणि पालीला हवेत हिसके बसायला लागले. हात मुळापासून उपटतोय असं वाटलं. तोंडचं पाणी पळालं. आणि वीस वर्षांत जो शब्द चुकून ओठांवर आला नव्हता, तो आला.

"ताडपत्री सोड! अरे सोड! सोड!"

पलीकडे काय पोचलं असेल?

शेपूट सांगितलेलं ऐकणारा माणूस. भावोजी आपल्या दोरामुळे अडकलेत, दोरानं त्यांचा जीव चाललाय, असंच त्याला वाटलं असणार. पायाखाली खिडकीची टोपी होती. क्षणभर दोराशिवाय उभं राहता येईल, असा हिशेब केला असेल त्यानं.

मनगटाची दोरी उलगडली आणि ताडपत्री उडून गेली. त्याच क्षणी पालीच्या कमरेचा दोर ढिला पडला.

तो घसरला. पाट्या ओल्या. नखं लावली, नखं गेली. पन्हळ जवळ आली. खाली चाळीस फूट. आणि... हिसका बसला. दोर ताठ झाला. पाल थांबला.

"शेपूट!"

काही नाही. फक्त वारा.

त्यानं एक झटका दिला. उत्तर नाही. परत दिला. उत्तर नाही. मग दोर आपसूक चार बोटं सरकला. पाल चार बोटं खाली आला.

मग आणखी चार बोटं.

त्याला वाटलं, शेपटाचे हात निसटताहेत. बिचारा नुसत्या हातांनी आपल्याला धरून बसलाय. पाल जिवाच्या आकांतानं ओरडत होता, "धर रे बाळा, धर!" बाळा. एरवी कधी म्हणाला नव्हता.

एवढ्यात खाली टॉर्च दिसला. रखवालदार धावत आला होता.

"अग्निशमनवाल्यांना फोन केलाय!" तो खालून ओरडला. "रस्त्यात झाड पडलंय, वेळ लागेल. हलू नकोस!"

"माझं राहू दे!" पाल वरून म्हणाला. "पलीकडे जा. माझा मेहुणा आहे तिकडे. त्यानं धरलंय मला. त्याला सांग, घट्ट धर म्हणावं. भावोजी आहेत म्हणावं. थोडा वेळ फक्त."

टॉर्च तिथंच थांबला.

"जा ना रे! ऐकतोस ना?"

बऱ्याच वेळानं खालून आवाज आला. "सांगतो."

टॉर्च कोपऱ्याआड गेला. दोर आणखी चार बोटं सरकला. पालीचे पाय आता पन्हळीपलीकडे हवेत होते. जीव टांगणीला लागणं आपण उगाच बोलतो. त्यानं ते दोन मिनिटं प्रत्यक्ष भोगलं.

मग दोर थांबला.

थांबला, आणि आवळला. आणि हळूहळू पाल वर जायला लागला. एक वीत. एक हात. पाय परत पाट्यांना लागले.

"शाब्बास रे वाघा!" तो रडतच ओरडला. एक झटका दिला.

पलीकडून एक झटका आला. आहे.

केवढा हलका झाला तो. गाल पाटीला टेकून बोलत सुटला. म्हणाला, चुकलो रे, 'सोड' म्हणालो. उस्ताद असते तर थोबाड फोडलं असतं. ताईला सांगू नकोस. उद्यापासून असली छपरं बंद, खाली दुकान टाकू, तू गल्ल्यावर बस. म्हणाला, बोल की काहीतरी.

एक झटका.

"तोंडानं बोल."

एक झटका.

"शीळ तरी घाल."

...

वारा पडला होता. सगळं शांत. पालीचा हात दोरावर होता आणि हळूहळू त्याच्या ध्यानात एक गोष्ट यायला लागली. जोडीचं काम करणाऱ्यालाच कळेल अशी. दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस असला ना, की दोराला श्वास असतो. त्याचं पोट हलतं, दोर हलतो. अगदी थोडा. पण हलतो. वीस वर्षं तो श्वास त्याच्या तळहाताला ओळखीचा होता.

ह्या दोराला श्वास नव्हता.

त्यानं विचारायचं ठरवलं. झटका द्यायला बोटं आवळली. दिला नाही अजून...

आणि पलीकडून एक झटका आला.

आहे.

पालीच्या मनात... नको, मी विनोद करत नाही, त्याच्याच तोंडचं सांगतो. शंकेची पाल चुकचुकली. मग घाबरत दोन झटके दिले. ढील.

ढील मिळाली. दोन छोट्या, एक लांब. दोन छोट्या, एक लांब. उस्ताद शिकवायचे तशी. दोर इतका सांभाळून सुटत होता की पालीला एकदाही हिसका बसला नाही. पायाला पन्हळ लागली. मग भिंतीची शिडी. एक वाजून पंचवीस मिनिटांनी त्यानं कमरेची गाठ काढली आणि खाली उतरून इमारतीला वळसा घालून धावला.

पलीकडे रखवालदार जमिनीवर बसला होता. शेजारी चादर होती. चादरीखाली शेपूट.

पालीनं हात धरला. थंडगार. बोटं वळत नव्हती.

"कधी?" त्यानं विचारलं.

"बारा वाजून दहा मिनिटांनी," रखवालदार म्हणाला. "तू 'सोड' म्हणून ओरडलास, आणि लगेच."

इंजिनिअर बाई, तो दिवा जरा जवळ घ्या. चाळीस वर्षं रात्रीची राखण करतोय, पण हे सांगताना मला उजेड लागतो.

तो रखवालदार मी.

आता पलीकडचं पाखं ऐका.

तो माझ्यासमोर पडला. आवाज सांगत नाही. मी नाडी बघितली, छातीला कान लावला. काही उरलं नव्हतं. फोन केला, चादर टाकली, मग त्या बाजूला धावलो. पाल वर लटकलेला. मी मघाशीच बघून आलो होतो, त्याचा दोर आढ्याच्या दोन दगडांच्या फटीत अडकला होता. बस. तेवढ्यावर तो होता. दोर ओला, दगड गुळगुळीत, थोडा थोडा सुटत होता. खरं सांगितलं असतं तर त्याचे हातपाय गळाले असते. आणि तो विचारतोय, त्याला सांग, घट्ट धर म्हणावं.

काय करणार होतो मी? सांगतो म्हणालो.

परत इकडे आलो. टॉर्च वर मारला. पंधरा-वीस हात दोर रिकाम्या पाख्यावर लोळत होता आणि त्याचं टोक हळूहळू आढ्याकडे चाललं होतं. चार बोटं. आणखी चार बोटं. शिडी त्या बाजूला, मी साठीचा, छप्पर असं. माझ्या हातात काहीच नव्हतं. मग मी वेड्यासारखा खाली बसलो. शब्द दिला होता ना. चादर बाजूला केली आणि त्या पोराच्या कानाशी तोंड नेलं. मला रडू आवरत नव्हतं. म्हणालो, "शेपूट... भावोजी आहेत रे. घट्ट धर म्हणतात. थोडा वेळ फक्त."

वर दोर थांबला.

मी टॉर्च मारला. दोर आता वर जात नव्हता.

खाली येत होता.

फटीतून निघून, पाख्यावरून, त्या छोट्या खिडकीकडे. तिथं येऊन ताठ झाला. पाट्यांपासून कमरेएवढा वर. अधांतरी. त्याच्या टोकाला...

मी टॉर्च बंद केला. बघायचं नव्हतं मला.

अंधारात बसून राहिलो. एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला होता. पलीकडून पाल बोलत होता, शब्द कळत नव्हते. प्रत्येक वेळी तो थांबला की मला वर दोराचा आवाज यायचा. एक. लहानपणी सगळ्यांनी बघितलंय, पालीचं शेपूट तुटून पडलं तरी बराच वेळ हलत राहतं. मी रात्रभर तेच डोक्यातून काढायला बघत होतो.

पालीनं मला हात जोडून सांगितलं, 'सोड' म्हणालो हे कोणाला सांगू नकोस. पहाटे वहिनी आल्या. त्यांना तो म्हणाला, "गाठ सुटली त्याची." पोलिसांनाही तेच. मी मान खाली घालून उभा.

वहिनी रडल्या नाहीत. भावाच्या जॅकेटची चेन अर्धी उतरली होती, ती वरपर्यंत ओढली.

सात वाजता अग्निशमनवाल्यांच्या माणसानं दोर काढून आणला आणि आमच्यासमोर टाकला. एक टोक मोकळं, पालीनं काढलेलं. दुसऱ्या टोकाला फास होता. माणसाच्या कमरेएवढा. आणि निरगाठ. आवळून दगड झालेली. शेंडूक डावीकडे.



वहिनींनी तो फास उचलला. गाठीवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग नवऱ्याकडे बघितलं.

"ही सुटली?"

पाल जमिनीकडे बघत होता.

"अहो, ही सुटली का?" त्यांचा आवाज चढला नव्हता. उस्तादाची मुलगी होत्या त्या. "ही त्यानं स्वतः सोडली होती. त्याला कोणी सांगितल्याशिवाय तो सोडणार नाही. काय म्हणालात तुम्ही त्याला?"

पाल गुडघ्यांवर बसला. त्यानं तो शब्द सांगितला. तीनदा म्हणालो, म्हणाला. तीनदा. मग मीही सगळं सांगितलं, माझ्या बाजूचं. चादरीचं, कानात बोललो त्याचं, दोराचं. पाल माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिला. त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग गाठ काढायला बसल्या. नखं तुटली, दात लावले, निघाली नाही. शेवटी फास मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "सोडून जाणार होते तुम्हाला. आत्ता, इथून. पण त्यानं परत बांधली आहे." आणि मग रडल्या. तसं रडणं मी परत ऐकलं नाही. ऐकायचंही नाही.

दोघं अजून एकत्र राहतात. खाली दुकान आहे, गल्ल्यावर कोणी बसत नाही. फास आतल्या खोलीत खिळ्याला टांगलाय. मागच्या महिन्यात गेलो होतो, तेव्हा वहिनींनी मला आत नेलं. म्हणाल्या, हात लावून बघा.

सहा उन्हाळे गेलेत त्याच्यावर. दोर वाळून काथ्या झालाय, बोटांत भुगा होतो.

गाठ ओली होती.